क्लायंटच्या कारखान्यात नव्याने जाणाऱ्या सल्लागाराने संबंध कसे जोडावेत

वडोदऱ्यातील सल्लागार कंपन्यांत रुजू होणाऱ्या मुलामुलींना पहिल्या काही आठवड्यांत अहवाल कसा लिहावा आणि सादरीकरण कसे करावे हे शिकवले जाते. क्लायंटकडे गेल्यावर तिथल्या माणसांशी कसे वागावे, हे मात्र ज्याचे त्याने शिकून घ्यावे असे धरलेले असते. त्यामुळे क्लायंट म्हणजे कारखान्याचे मालक आणि संबंध जोडायचे ते त्यांच्याशी, असा बहुतेकांचा समज होतो. प्रत्यक्षात मालकांशी आपल्या वरिष्ठांचे संबंध आधीपासून असतात, म्हणून तर काम मिळालेले असते. नवख्या सल्लागाराचा खरा क्लायंट म्हणजे हिशेबनीस, स्टोअरकीपर, शॉप फ्लोअरवरचा सुपरवायझर, अर्थात ज्यांच्याकडून आपण माहिती घेतो आणि ज्यांचा कामाचा वेळ आपण खातो ती माणसे. आपण आल्यामुळे त्यांचे काम वाढते की थोडे तरी हलके होते, यावर पुढचे बरेचसे ठरते.

म्हणून पहिली भेट ठरवण्याआधी त्यांचे कॅलेंडर माहीत करून घ्यावे. हिशेब विभागाला टीडीएस (देणी चुकवताना कापून घेतलेला कर) भरण्यासाठी महिन्याची 7 तारीख असते, मासिक जीएसटी विवरणपत्रे भरणाऱ्यांना जीएसटीआर-1 (विक्रीच्या तपशिलाचे विवरणपत्र) साठी 11 आणि जीएसटीआर-3बी (कराच्या गोषवाऱ्याचे विवरणपत्र) साठी 20. या तारखांच्या आदल्या दिवशी हिशेबनिसांकडे तीन वर्षांचे खरेदीचे आकडे मागणारा सल्लागार कितीही नम्र असला तरी त्यांना नकोसाच वाटणार. मार्च महिन्यात स्टॉकची मोजणी, येणी-देणी जुळवणे, सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची देणी मुदतीत चुकवणे यात हा विभाग बुडालेला असतो. तेव्हा शक्य तितके काम फेब्रुवारीतच उरकावे. दिवाळीनंतर अनेक पेढ्या लाभपाचमेलाच (कार्तिक शुद्ध पंचमीला) उघडतात, 14 आणि 15 जानेवारीला उत्तरायणाच्या पतंगांसाठी सारे शहर गच्चीवर असते, आणि नवरात्रात सकाळी नऊची मीटिंग ठेवणाऱ्याला बडोद्याचा गरबा ठाऊक नाही असेच लोक समजतात. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असेही गृहीत धरू नये. फोनवर आधी विचारून घ्यावे.

माहिती मागण्याची रीत हा सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. आपल्या ऑफिसात जुन्या फाइलींमध्ये जे उपलब्ध आहे ते आधी पूर्ण वाचावे. तीच बॅलन्स शीट तिसऱ्यांदा मागितली गेली की समोरच्याला आपण घरचा अभ्यास करत नाही हे कळून चुकते. उरलेल्या गोष्टींची यादी एकदाच द्यावी, प्रत्येक गोष्ट कशासाठी हवी ते एका ओळीत लिहावे, आणि कोणती आज हवी व कोणती पंधरा दिवसांनी चालेल हे स्पष्ट सांगावे. आपला तयार एक्सेल तक्ता पाठवून तो भरून मागण्यापेक्षा, त्यांच्याकडे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जे निघते किंवा रजिस्टरात जे लिहिलेले आहे ते तसेच घ्यावे आणि तक्ता आपण भरावा. यात आपले दोन तास जातात हे खरे, पण ते त्यांचे वाचतात, आणि ते त्यांच्या लक्षात राहते.

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील ट्रान्सफॉर्मर उद्योगाशी निगडित एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. काम आहे मालसाठा कमी करण्याचे. संगणकातला तांब्याच्या तारेचा साठा आणि प्रत्यक्ष वजनकाट्यावरचे आकडे जुळत नाहीत. तार जागेवर नोंदीपेक्षा जास्त भरते. ऑफिसात बसून याचा अर्थ लावायचा तर मालाच्या पावत्या नीट चढवल्या जात नाहीत, असा निष्कर्ष पाच मिनिटांत निघतो आणि तो सादरीकरणात छानही दिसतो. मात्र स्टोअरमध्ये जाऊन, स्टोअरकीपरच्या शेजारी उभे राहून, आलेला ड्रम काट्यावर कसा चढतो ते पाहिले तर दिसते की पुरवठादाराच्या चिठ्ठीवर ढोबळ वजन, रिकाम्या ड्रमचे वजन आणि निव्वळ वजन अशा तीन ओळी असतात, नोंद निव्वळ वजनाची होते, आणि मोजणीला आलेल्या मुलांनी ड्रमसकट वजन घेतलेले असते. स्टोअरकीपरना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. अशा वेळी त्यांना विचारून घेतलेली माहिती त्यांच्या नावानिशी अहवालात मांडावी, आणि मालकांसमोर बोलतानाही ‘हे स्टोअरने लक्षात आणून दिले’ असे सांगावे. श्रेय देण्यात आपले काही कमी होत नाही. उलट पुढच्या वेळी बिन कार्ड (प्रत्येक मालाच्या साठ्याची नोंद), गेट पास, इनवर्ड रजिस्टर (आलेल्या मालाची वही) यांतले काहीही मागावे लागत नाही, ते आपणहून टेबलावर येते.

बोलण्याचा प्रश्न आपल्या मराठी मुलांसाठी थोडा वेगळा आहे. रावपुरा-दांडिया बाजारात वाढलेल्यांना गुजराती घरच्यासारखीच येते. पुण्या-मुंबईहून आलेल्यांनी ती शिकायला पहिल्या महिन्यातच सुरुवात करावी, मोडकीतोडकी असली तरी चालते. वयाने मोठ्या माणसांना नावापुढे भाई किंवा बेन लावावे आणि ‘सर’ हा शब्द ते स्वतः वापरत असतील तेथेच वापरावा. क्लायंटकडे कोणी मराठी भेटले की बरे वाटते, गावाचा, आडनावाचा विषय निघतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ज्यांना मराठी कळत नाही अशी माणसे खोलीत असताना आपसांत मराठीत बोलू नये, मग विषय चहाचा का असेना. आपल्याविषयीच काही बोलणे चालले आहे, अशी शंका एकदा आली की ती काढणे कठीण असते.

लहान शब्द पाळणे हे मोठ्या सूचनांपेक्षा अधिक मोलाचे असते. ‘संध्याकाळी पाठवतो’ म्हटले तर संध्याकाळीच पाठवावे. जमणार नसेल तर दुपारीच कळवावे, दुसऱ्या दिवशी सबबी सांगू नयेत. मीटिंग झाली की त्याच दिवशी काय ठरले, कोणी करायचे आणि कधीपर्यंत, एवढेच आठ-दहा ओळींत ईमेलने पाठवावे. इथले मालक सगळे व्हॉट्सॲपवर उरकतात, रात्री दहाला व्हॉइस मेसेजही येतो. त्याला तिथेच उत्तर द्यायला हरकत नाही. परंतु निर्णय कोणताही असो, तो सकाळी ईमेलमध्ये उतरवून ठेवावा, कारण तीन महिन्यांनी कोणी काय म्हटले होते याची आठवण प्रत्येकाची वेगळी असते.

ओळख वाढली की ‘जरा एवढेही बघून द्या’ सुरू होते. कधी बँकेच्या कर्जाचा तक्ता असतो, कधी पुतण्याच्या नव्या धंद्याचा हिशेब. येथे नवखे लोक भिडेपोटी हो म्हणतात किंवा घाबरून नाही म्हणतात, आणि दोन्ही त्यांच्या अधिकारात नसते. ‘वरिष्ठांशी बोलून उद्या दुपारपर्यंत सांगतो’ हे उत्तर पुरेसे आहे, अट एवढीच की उद्या दुपारी खरोखर फोन करावा. फी, बिल आणि थकबाकी हे विषय आपण काढू नयेत. त्यांनी काढले तर ऐकून वरिष्ठांकडे पोचवावेत.

एखाद्या विभागाविषयी प्रतिकूल निष्कर्ष निघाला तर तो विभागप्रमुखांना मीटिंगच्या निदान एक दिवस आधी, एकट्यात, आकड्यांसह दाखवावा. काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे पटत नाही, निष्कर्ष आधी सांगितला की दडपण येते असे ते म्हणतात. मला ते मान्य नाही. आकडा खरा असेल तर तो एका दिवसात बदलत नाही; चुकीचा असेल तर चारचौघांत उघडा पडण्याआधी दुरुस्त होतो, आणि विभागप्रमुखांना मालकांसमोर अचानक उत्तर द्यावे लागत नाही. निष्कर्षाची धार मात्र कमी करू नये. त्यांच्या बाजूचे कारण असेल तर ते अहवालात त्याच्या शेजारी लिहावे.

वडोदऱ्यासारख्या शहरात गुप्ततेला विशेष जपावे लागते. मकरपुरा, पोर, वाघोडिया, सावली इथले कारखानदार एकमेकांना ओळखतात, अनेकदा नातेवाईकही असतात, आणि एकाच पुरवठादाराकडून माल घेतात. दुसऱ्या क्लायंटचे नाव न घेता ‘याच लाइनमधल्या एका कंपनीत आम्ही असे पाहिले’ एवढे सांगितले तरी ऐकणारा कंपनी ओळखतो, आणि आपलीही गोष्ट उद्या अशीच कुठेतरी सांगितली जाईल हे त्याच क्षणी ताडतो. चहाच्या टपरीवर, स्टेशनवर, लग्नाच्या पंगतीत क्लायंटविषयी बोलू नये. दिवाळीला मिठाईचा डबा मिळाला तर ऑफिसच्या नियमाप्रमाणे करावे. पाकीट किंवा वस्तू असेल तर तिथेच आदराने परत करून त्याच दिवशी वरिष्ठांना सांगावे.

काम संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी एक फोन करावा, तोही मालकांना नव्हे तर स्टोअरला किंवा हिशेब विभागाला, आणि सुचवलेली पद्धत चालू आहे का, कुठे अडते आहे, हे विचारावे. मध्येच आपली दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली झाली तर आपल्या जागी येणाऱ्याला बरोबर घेऊन एकदा जावे आणि ज्यांच्याशी रोजचा संबंध येतो त्या प्रत्येकाची ओळख करून द्यावी. त्याच्या हाती एक पानभर टिपण द्यावे: कोणत्या तारखांना कोणाला त्रास देऊ नये, कोणाला फोन चालतो आणि कोणाला लेखीच लागते, कोणती कागदपत्रे याआधी घेतलेली आहेत, आपण दिलेला कोणता शब्द अजून पुरा व्हायचा आहे आणि तो कोणाला दिला होता.