जपानीत ‘नाटक’ म्हणायचं कसं?

लांब स्वरासाठी इथे अवग्रह (ऽ) वापरला आहे. तो गिळू नका.

1. तालमीचे शब्द पाठ करा. संहिता दाइहोन, तालीम केइको, रंगीत तालीम गेनेपुरो (मूळ जर्मन), प्रत्यक्ष प्रयोग होन्बान. रंगमंचाखालची पोकळी नाराकु. हा आपलाच ‘नरक’, बौद्ध धर्मासोबत तिकडे पोचलेला.

2. बाजू प्रेक्षकाच्या नजरेने मोजा. प्रेक्षकाची उजवी कामिते, डावी शिमोते. नटाचं तोंड कुठेही असो. या शब्दांची कांजी (जपानीतली चिनी अक्षरं) अनुक्रमे ज्योऽझु (निपुण) आणि हेता (कच्चा) अशीही वाचतात, तेव्हा संहितेतली सूचना नटाच्या अभिनयावरचा शेरा समजू नका.

3. मराठी शब्द आधी फोडा. बहुतेक जण इथेच आपटतात. ‘नाटक म्हणजे एन्गेकि’ एवढंच सांगणारी यादी फाडून टाका. एन्गेकि हे कलेचं, विषयाचं नाव: दाइगाकु दे एन्गेकि ओ यात्ते इमास (विद्यापीठात नाटक करतो). संध्याकाळी नाटकाला गेलात तर शिबाइ ओ मि नि इत्ता. दोरामा म्हणालात तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरची मालिका येईल.

‘नाटकं करू नकोस’ला तर एकच प्रतिशब्द शोधूच नका. माहीत असून वेड पांघरणाऱ्याला तोबोकेनाइदे. राईचा पर्वत करणाऱ्याला ओओगेसा दा यो. आजारपणाचं सोंग केब्योऽ, आणि ते ‘वापरतात’: केब्योऽ ओ त्सुकाउ. कुणाला फसवायला बनाव रचला तर हितोशिबाइ उत्सु. यातल्या एकाही जागी एन्गेकि चालत नाही.

‘नाट्यमय’ आणि ‘नाटकी’ यांची गल्लत सर्वांत वाईट. गेकितेकि घटनेला लागतं: गेकितेकि ना हेन्का, म्हणजे थक्क करणारा बदल. माणसाचं बोलणं नाटकी असेल तर शिबाइगाकात्ता इइकाता. त्यातला खोटेपणा खुपत असेल तर वाझातोराशिइ. नाटकी माणसाला गेकितेकि म्हणालात तर टोमणा पोचणारच नाही.

‘प्रयोग’ही असाच. जिक्केन प्रयोगशाळेत होतो, नाटकाचा होतो तो कोऽएन. बागेलाही कोऽएनच म्हणतात, म्हणून नाटकाचं नाव आधी घ्या. रंगमंचावरची भूमिका याकु, पण ‘माझी भूमिका स्पष्ट आहे’ मधली ताचिबा.

4. क्रियापद सुटं शिकू नका. भूमिका करणं याकु ओ एन्जिरु. पहिल्यांदा रंगमंचावर येणं हात्सुबुताइ ओ फुमु, शब्दशः पहिला रंगमंच ‘तुडवणं’. कथा क्योतोत घडते हे सांगायला ‘घडणं’ लागतच नाही: मोनोगातारि नो बुताइ वा क्योऽतो देस.

5. पडदा. रंगमंचावरचा खाली येतो तेव्हा माकु गा ओरिरु. एखादं पर्व संपलं तर माकु ओ तोजिरु. शेवटच्या प्रयोगाचा दिवस सेन्श्यूऽराकु. सुमो स्पर्धेचा शेवटचा दिवसही तोच.