आवडत्या गायक-गीतकाराचं एक गाणं उलगडून कसं शिकायचं

गाणं आवडलं म्हणजे त्यातलं नेमकं काय आवडलं, हे वहीत एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. तीनच कलाकार निवडा आणि प्रत्येकाकडून एकेकच गोष्ट घ्यायचं ठरवा: एकाची शब्दांतली काटकसर, दुसऱ्याचा गिटारवरचा हात, तिसऱ्याची मुखड्याकडे चढत जाणारी चाल. हे ठरवलं नाही तर सगळ्यात आधी उचलली जाते ती गळ्याची लकब, आणि तीच सगळ्यात कमी उपयोगाची.

चार मिनिटांच्या आतलं एक गाणं घ्या. पहिल्यांदा वाद्य बाजूला ठेवून ऐका. 15 सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजून चारने गुणा, म्हणजे लय मिळेल. मुखडा कितव्या सेकंदाला आला तेही टिपा.

मग वहीत चौकटी आखा. चार ठोक्यांच्या गाण्यात चार मात्रांची एक चौकट, अशा एका ओळीत चार चौकटी. चौकटीत कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट), खाली शब्द, आणि समेवर, म्हणजे चौकटीच्या पहिल्या ठोक्यावर, पडणाऱ्या अक्षराखाली रेघ. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरं शिक्षण इथेच होतं. सहज बोलल्यासारखी वाटणारी ओळ पुष्कळदा समेच्या दोन-तीन अक्षरं आधीच उचललेली असते आणि वजनाचा शब्द बरोबर समेवर येऊन बसतो. आपली ओळ ठोकळेबाज वाटते तेव्हा बहुतेक वेळा ही उचलच राहिलेली असते.

इंग्रजी गाण्याचा साचा घेऊन मराठी शब्द बसवताना आणखी एक अडचण येते. लघु अक्षर लांब सुरावर ताणलं की ‘दिन’चा ‘दीन’ होतो, ‘सुत’चं ‘सूत’ होतं. लांब सुराखाली दीर्घ अक्षरच ठेवा. चाल पक्की होईपर्यंत तात्पुरते, निरर्थक शब्दही चालतात. ‘बीटल्स’चे पॉल मॅकार्टनी यांच्या 1965च्या ‘यस्टरडे’च्या जागी आधी ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ हेच शब्द होते.

गिटारचा हात शिकताना तो हात तसा का झाला, हेही बघा. कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांना लहानपणी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, म्हणून त्यांनी तारा वेगळ्या लावून सोप्या पकडीत समृद्ध कॉर्ड मिळवल्या. ओपन डी, म्हणजे तारा न दाबताच डी कॉर्ड वाजेल अशी जुळणी, लावून पाहा: जाड तारेपासून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. म्हणजे नेहमीच्या जुळणीपेक्षा सहावी (सगळ्यात जाड), दुसरी आणि पहिली तार दोन अर्धस्वर (अर्धस्वर म्हणजे गिटारवरचं एक घर) खाली, तिसरी एक अर्धस्वर खाली, पाचवी-चौथी तशाच. प्रत्येक तार हव्या सुराच्या थोडी खाली नेऊन वर आणा, नाहीतर वाजवताना ती आणखी उतरते. गिटारच्या मानेवरचा ताण बदलल्यामुळे आधी लावलेल्या ताराही सरकतात, म्हणून सगळ्या पुन्हा एकदा तपासा. सैल झालेली सहावी तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखरत असेल तर हलक्या हाताने छेडा किंवा जाड तार घाला.

आता नवं गाणं. चौकटींची संख्या आणि यमकांची जागा मूळ गाण्याची ठेवा. ठेका, कॉर्ड, चाल आणि शब्द तुमचे. अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांनी 1962मध्ये ‘ब्लोइंग इन द विंड’ची चाल एका जुन्या पारंपरिक गाण्यावरून बांधली. ते पारंपरिक असल्यामुळे चाललं. आजच्या कुणाच्या गाण्याची चाल उचलता येत नाही, कारण चाल आणि शब्द दोन्हींवर कॉपीराइट असतो. नेहमीच्या चार कॉर्डचा क्रम मात्र सगळ्यांचाच असतो.

तो कलाकार ज्याला पाठ आहे अशा माणसाला तुमची चाल शब्दांशिवाय गुणगुणून दाखवा. त्याने मूळ गाणं ओळखलं तर मुखड्याचे पहिले तीन-चार सूर आणि त्यांची लय बदला. ओळख बहुधा तिथेच असते.

पट्टी सगळ्यात शेवटी ठरवा. मूळ पट्टी त्या कलाकाराच्या गळ्याची असते. तुमच्या चालीतला सगळ्यात वरचा सूर सलग पाच वेळा हळू आवाजात लागला पाहिजे. तिसऱ्या वेळीच गळा आवळत असेल तर दोन अर्धस्वर खाली या आणि पुन्हा करून बघा.