कोकणातली वंशावळ: सुरुवात स्वतःपासून, आधार सातबाऱ्याचा

वंशावळ करायला बसलेला माणूस बहुधा मूळपुरुष शोधायला निघतो आणि तिथंच फसतो. काम उलट करायचं: स्वतःपासून मागे, एका वेळी एक पिढी. दोन नावांमधलं नातं कागदावर सापडेपर्यंत ती रेघ पेन्सिलीनंच काढायची.

आधी माणसं गाठा. गणपतीत किंवा शिमग्याला चाकरमानी गावी आलेले असतात, तेव्हा भावकी एकत्र भेटते. काकांपेक्षा आत्यांना जास्त विचारा. माहेर-सासर दोन्हीकडच्या सोयरिकी त्यांना माहीत असतात, आणि कागदांत बायकांची नावं फार कमी सापडतात. श्राद्धात बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं घेतली जातात, तीही उतरवून घ्या. मात्र जमिनीत हिस्सा मागायचा नाही, हे पहिल्या वाक्यातच सांगून टाका. वंशावळ म्हटलं की निम्म्या भावकीच्या कपाळाला आठ्या पडतात.

तरी खरा आधार जमिनीच्याच कागदांचा. कोकणात एकेका सातबाऱ्यावर सामाईक नावांची रांगच असते. विकणाऱ्याला ती डोकेदुखी, आपल्याला पर्वणी. जुन्या उताऱ्यांवर नावाशेजारी गोलात लिहिलेले आकडे म्हणजे फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) क्रमांक. त्यांवर कंसातली आणि नव्या उताऱ्यांवर आडवी रेघ मारलेली नावं कमी झालेली, म्हणजे बहुधा मयतांची किंवा जमीन सोडलेल्यांची. ती सगळ्यात आधी उतरवा. मग तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात फेरफाराच्या (गाव नमुना 6) नकलेसाठी अर्ज करा. अर्जात गाव, सर्व्हे व हिस्सा नंबर आणि फेरफार क्रमांक हवाच. नुसत्या आडनावावर कोणी दप्तर शोधून देत नाही. वारसाच्या फेरफारात मयत कोण, कधी वारला, मागे कोण वारस, हे एकत्र मिळतं. त्यातून जुना क्रमांक, त्यावरून आणखी जुना फेरफार, अशी साखळी मागे जाते.

वाचताना चुका होतात त्या संक्षेपांमुळे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: नाव एकाच भावाचं, बाकीचे त्याच्या आड. हे सुटलं तर अख्ख्या शाखा गळतात. ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) दिसलं तर मूल अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, आणि पुढचं नाव पालकाचं. तो बापच असेल असं धरू नका. ‘बिन’ किंवा ‘वल्लद’च्या पुढे बापाचं नाव, ‘कोम’च्या पुढे नवऱ्याचं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारसनोंदींत मुली सहसा नसतात. म्हणून नोंद नाही यावरून मुलगी नव्हती असं ठरवू नये.

सगळ्यात मोठा सापळा नावांचा. नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे ‘गणपत बिन रामा’ आणि ‘रामा बिन गणपत’ आलटून पालटून येतात आणि दोन पिढ्या एक होतात. प्रत्येक नावापुढे अंदाजे जन्मवर्ष लिहा. बापलेकांत 15 वर्षांपेक्षा कमी किंवा 60 पेक्षा जास्त अंतर निघालं, तर कुठेतरी पिढी चुकली आहे. ‘कर’ लागलेलं आडनाव गावावरून पडतं, तेव्हा आडनाव एक म्हणून घराणं एक ठरत नाही. कुलदैवत आणि सुतक पाळणारी भावकी जुळते का ते पाहा. दत्तक गेलेल्याला दोन्ही घरांत दाखवा, जनक (जन्माच्या) घरी तुटक रेघेनं.

तारखांसाठी शाळेचं जनरल रजिस्टर आणि गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद. शाळेतली जन्मतारीख बरेचदा गुरुजींनी अंदाजानं घातलेली असते. 1 जून दिसला की संशय घ्या. साल शके असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींना 79.

सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणून त्याआधीचा कागद रत्नागिरीच्या दप्तरातही शोधावा. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं होती, त्यांचं दप्तर निराळं. खोती गावांत (जिथं सारा खोत गोळा करायचा) कुळांसाठी, म्हणजे जमीन कसणाऱ्यांसाठी, बोटखत हे त्यांच्या नोंदींचं जुनं पत्रक पाहा. जुने कागद मोडीत असतील, तर समासासकट पूर्ण पानाचे सरळ फोटो काढून जाणकाराकडे द्या. कापलेल्या फोटोतून नेमकी तारीख जाते.

त्र्यंबकेश्वरला गेलात तर आपल्या गावाचे तीर्थोपाध्याय (यात्रेकरूंचे पुरोहित) कोण ते विचारा. त्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावं गाव आणि आडनावावर लावलेली असतात. आडनाव पूर्वी वेगळं असेल तर तेही सांगा.