एटीव्हीचं मागचं एक्सल बेअरिंग एका सीझनमध्ये दोनदा जातंय? या चुका टाळा

नागाव, काशीद, दिवेआगर, गुहागर, तारकर्ली, कुठल्याही पुळणीवर चालणाऱ्या एटीव्हीची (जाड टायरच्या चारचाकी बाइकची) मागची बेअरिंग शेतात किंवा डोंगरात फिरणाऱ्या गाडीपेक्षा लवकर जातात. खारं पाणी आणि पिठासारखी वाळू यांच्यापुढे कुठलंच बेअरिंग फार काळ टिकत नाही. पण नवीन टाकलेलं बेअरिंग महिन्याभरात परत वाजायला लागलं, तर बसवताना काहीतरी चुकलंय असंच समजायचं. बेअरिंग बदलणं हे निम्मंच काम. जुनं का गेलं ते शोधणं हे उरलेलं निम्मं, आणि तेच बहुतेक वेळा राहून जातं.

हे सगळं अखंड एक्सलच्या, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर असलेल्या गाड्यांबद्दल आहे. स्विंगआर्मच्या (मागची चाकं धरून वर-खाली हलणाऱ्या आर्मच्या) टोकाला हाउसिंग, हाउसिंगमध्ये दोन बेअरिंग, दोघांच्या मध्ये अंतर राखणारी नळी म्हणजे स्पेसर, दोन्ही बाहेरच्या अंगांना पाणी अडवणारं रबरी ऑइल सील आणि या सगळ्यातून आरपार गेलेला एक्सल. मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतील तर रचना वेगळी असते.

खोलण्याआधी खात्री

गाडीचा मागचा भाग चेसिसखाली घोडी लावून उचला. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. मागचं चाक वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला टॉर्च घेऊन खेळ (ढिलेपणा) नेमका कुठे आहे ते बघायला सांगा. एक्सल स्थिर आणि हब हलतोय, तर हबचे स्प्लाइन (एक्सलवर बसणारे आतले दाते) झिजलेत. अख्खा स्विंगआर्म हलतोय, तर पुढचे पिव्हटचे (स्विंगआर्म चेसिसला जोडतो तिथले) बुश किंवा बेअरिंग गेलेत. हाउसिंग जागेवर आणि एक्सल आत हलतोय, तरच दोष एक्सल बेअरिंगचा. चेन उतरवून चाक हाताने सावकाश फिरवलं की वाळू दळल्यासारखी खरखर हाताला लागते. चेन चढलेली असताना ती कळत नाही.

उघडताना

पहिली चूक म्हणजे गाडी उचलल्यावर एक्सल नट सोडायला जाणं. चाकं जमिनीवर आणि ब्रेक दाबलेला असतानाच नट ढिले करा. दोन नट एकमेकांवर घट्ट केलेले असतील तर दोन पाने लागतात, आतला धरून बाहेरचा सोडायचा. खाऱ्या हवेत आटे जाम झालेले असतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. ब्रेक कॅलिपर सोडल्यावर तो नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. पॅडमध्ये डिस्क नसताना ब्रेकची मूठ दाबू नका, पिस्टन बाहेर येतो.

एक्सल सहजी निघत नाही, मग हातोडी थेट टोकावर बसते आणि आटे फुलतात. मग नट चढत नाही आणि एक्सल लेथवर न्यावा लागतो. जुना नट टोकाशी सपाट येईल इतका चढवा, वर लाकडाचा ठोकळा किंवा पितळी दांडा धरा आणि मग ठोका.

आतलं बेअरिंग काढताना स्पेसर लांब दांड्याने एका बाजूला सरकवला की आतल्या रेसची (बेअरिंगच्या आतल्या कड्याची) कड दिसते. तिच्यावर गोलाकार फिरत थोडं थोडं ठोका. छर्रे निखळून बाहेरची रेस आत अडकली, तर हाउसिंग छिन्नीने खरवडू नका. सील काढा, ग्रीस पूर्ण पुसा आणि वेल्डिंगवाल्याकडून रेसच्या आतल्या अंगाला एक फेरा मारून घ्या. वेल्ड थंड होताना रेस आकसते आणि हाताने निघते.

जुनं बेअरिंग फेकण्याआधी बघा

आत तपकिरी चिखल असेल तर पाणी सीलमधून शिरलंय. सील आणि एक्सलवरची सीलची जागा तपासा. रेस निळसर पडली असेल तर बेअरिंग तापलंय, म्हणजे ग्रीस संपलं होतं किंवा बाजूने दाब होता. स्प्रॉकेटकडचं (चेनच्या दातेरी चाकाकडचं) पार गेलंय आणि दुसरं बरं आहे, तर चेन जास्त ताणलेली होती. आतल्या रेसचं भोक आरशासारखं चकचकीत असेल, तर रेस एक्सलवर फिरत होती: नट ढिला राहिला किंवा एक्सल झिजला.

शेवटच्या प्रकारात नवीन बेअरिंग टाकणं म्हणजे पैसे वाया. बेअरिंगची जागा मायक्रोमीटरने मोजा आणि शेजारच्या न झिजलेल्या भागाशी ताडून बघा. पंचने ठिपके मारून किंवा पत्रा गुंडाळून बसवलेलं बेअरिंग दोन-चार दिवस बरं वाटतं आणि परत सुटतं. एक्सल बदला, किंवा चांगल्या टर्नरकडून जागा भरून मापात आणा. वाकलेल्या एक्सलवरही बेअरिंग टिकत नाही. दोन्ही टोकांना आधार देऊन फिरवा आणि डायल गेज लावा. काही मॉडेलांच्या पुस्तकात गेजवर दिसणाऱ्या या डोलाची मर्यादा १.५ मिमी दिलेली असते.

दुकानात काय मागायचं

जुना नमुना दाखवून डोळ्याने जुळवू नका, नंबर वाचा. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतलं भोक मिळतं: ६००७ म्हणजे ३५ मिमी. पण ६२०७ चंही भोक ३५ च. फरक बाहेर आहे: ६००७ बाहेरून ६२ मिमी आणि १४ मिमी रुंद, ६२०७ बाहेरून ७२ आणि १७ मिमी रुंद. नंबरापुढे २आरएस हवं, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेड म्हणजे नुसते पत्रे, त्यांच्याने पाणी अडत नाही. दोन्ही बेअरिंग, दोन्ही ऑइल सील आणि असतील तितके ओ-रिंग एकदमच बदला.

बसवताना: स्पेसर आणि दाब

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. बेअरिंग हाउसिंगमध्ये घट्ट बसतं, म्हणून ठोकायचं ते फक्त बाहेरच्या रेसवर. आतल्या रेसवर ठोकलं की सगळा मार छर्‍यांतून जातो, रेसवर बारीक खड्डे पडतात आणि बेअरिंग गाडी चालण्याआधीच खराब होतं. त्याच मापाच्या जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस ग्राइंडरवर थोडी कमी केली की ठोकायला उत्तम.

त्याहून बरं म्हणजे ठोकायची वेळच कमी आणणं. बेअरिंग पिशवीत घालून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. मासळीच्या बर्फपेटीने भागत नाही, ती शून्याच्या आसपासच असते. हाउसिंग हॉट एअर गनने पाण्याचा थेंब चुरचुरेल इतकंच तापवा. ६२ मिमीचं ॲल्युमिनियमचं भोक ७० अंशांनी तापलं की सुमारे ०.१ मिमी मोठं होतं, आणि तेवढ्याने बेअरिंग हलक्या दाबाने आत जातं. गॅसची ज्योत थेट लावू नका.

क्रम असा: एक बेअरिंग तळाला टेकेपर्यंत, मग स्पेसर, मग दुसरं. दुसरं बेअरिंग स्पेसरला जेमतेम टेकलं की थांबा. पुढे ठोकलं तर छर्‍यांवर कायमचा बाजूचा दाब राहतो. स्पेसर बोटाने थोडा जोर लावून हलला पाहिजे. स्पेसर विसरला, किंवा गंजून आखूड झालेलाच परत घातला, तर नट घट्ट करताच आतल्या रेस एकमेकींकडे ओढल्या जातात आणि बेअरिंग काही तासांत तापतं.

ग्रीस

हाउसिंगवर निपल (ग्रीस भरायचं तोंड) आहे, म्हणून ग्रीस गनने दर आठवड्याला ग्रीस मारलं जातं. पण २आरएस बेअरिंगची आतली सील ते ग्रीस आत जाऊच देत नाही. ते स्पेसरभोवती साठतं आणि जास्त मारलं तर बाहेरचं ऑइल सील ढकलून काढतं. निपल वापरायचंच असेल, तर बसवण्याआधी प्रत्येक बेअरिंगची स्पेसरकडची सील पातळ पात्याने आतल्या कडेकडून उचलून काढा, बाहेरची राहू द्या. निपल नसेल तर दोन्ही सील उचला, ग्रीस भरा आणि परत दाबून बसवा.

कारखान्यातून २आरएस बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकंच ग्रीस येतं. तो हिशोब वेगाने फिरणाऱ्या मोटरीसाठी बरोबर. २० इंची टायरची गाडी ताशी ४० किमीने गेली तरी एक्सल मिनिटाला जेमतेम सव्वाचारशे फेरे घेतो. त्यामुळे इथे जास्त ग्रीसने बेअरिंग तापण्याची भीती नाही, आणि पाण्याला जागा उरत नाही. नेहमीचं लिथियमचं एपी-३ गोड्या पाण्याला चालतं. समुद्रासाठी कॅल्शियम सल्फोनेटचं मरीन ग्रीस घ्या. जुनं ग्रीस डिझेलने धुवून, पूर्ण वाळवूनच नवीन भरा, कारण दोन जातींचं ग्रीस मिसळलं की कधीकधी पातळ होऊन वाहून जातं.

सील, नट, चेन

ऑइल सीलची स्प्रिंगवाली बाजू आत, आणि लिपला (एक्सलवर घासणाऱ्या रबरी कडेला) बोटाने ग्रीस. कोरडी लिप पहिल्याच फेरीत घासली जाते. एक्सल नट पुस्तकातल्या टॉर्कने (आवळायच्या ठरलेल्या जोराने), स्वच्छ आट्यांवर थ्रेड लॉकर (नट सुटू न देणारा डिंक) लावून. हबच्या नटाचं भोक स्प्लिट पिनशी जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे सोडू नका. पिन नवीनच. चेनचा ताण माणूस बसवून बघा, कारण स्विंगआर्म दबला की बऱ्याच गाड्यांत चेन आणखी ताणते. पहिल्या दिवसानंतर हाउसिंगला हात लावा. चटका बसत असेल तर परत उघडा. नटही त्याच दिवशी तपासा.

धुताना

राइड संपल्या संपल्या गरम गाडीवर पाणी मारलं की हाउसिंगमधली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. गरम गाडी लाटेत घातली तरी तेच होतं. अर्धा तास थांबा, मग गोड्या पाण्याने साध्या नळीने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर मारू नका. पावसाळ्यात राइड बंद असतात तेव्हा मागची चाकं घोडीवर उचलून ठेवा आणि आठवड्यातून एकदा हाताने फिरवा, म्हणजे छर्रे एकाच जागी बसून तिथे गंजाचे डाग पडत नाहीत.