सी ड्राइव्हची जागा सुरक्षितपणे कशी वाढवावी

रावेर-यावल पट्ट्यातील केळी व्यापाऱ्यांच्या संगणकांवर वर्षानुवर्षांचे हिशेब साठत जातात आणि सी ड्राइव्ह भरून जातो, तर शेजारचा डी पुष्कळदा रिकामाच असतो. डिस्कच्या विभागांना (पार्टिशन, म्हणजे सी, डी वगैरे) हात लावण्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. न तपासलेली प्रत मी प्रत मानतच नाही. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असल्यास त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडण्याचा राखीव क्रमांक) कागदावर उतरवून ते तात्पुरते थांबवावे.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वाढवण्याचा पर्याय तेव्हाच खुला होतो, जेव्हा मोकळी जागा त्याच डिस्कवर सीच्या लगेच उजवीकडे असते. डी नुसता लहान केला, तर सुटलेली जागा डीच्या शेवटी राहते आणि सीला मिळत नाही. इथेच पुष्कळ जण अडतात. म्हणून डीमधील सर्व काही बाहेर हलवून डी काढून टाकावा, सी हवा तितका वाढवावा आणि उरलेल्या जागेत नवा डी तयार करावा.

सी आणि डीच्या मध्ये रिकव्हरी विभाग (विंडोज बिघडल्यास दुरुस्तीसाठी राखलेला भाग) आड येत असेल, तर तो पुसू नये. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या जीपार्टेड या विभाग बदलण्याच्या प्रोग्रामने तो सरकवता येतो. मात्र त्या वेळी वीज गेल्यास माहिती नष्ट होऊ शकते, आणि खानदेशातील उन्हाळ्यात विजेचा भरवसा धरू नये. यूपीएस नसेल, तर हे काम करूच नये. शेवटी संगणक पुन्हा सुरू करून फाइली तपासाव्यात आणि बिटलॉकर पूर्ववत करावे.