राजीनाम्यानंतरचा सोमवार: पूर्णवेळ चित्रकार होताना या चुका टाळा

नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी सकाळी सात वाजता कॅनव्हास टेकवायच्या ईझलसमोर उभी होते. साडेनऊला ब्रश धूत होते, ते आधीच स्वच्छ होते. अकराला कपाट आवरत होते. दुपारी झोप काढली. कॅनव्हास संध्याकाळीही कोराच.

ऑफिसने पगार द्यायचं थांबवलं, एवढंच तोवर माझ्या लक्षात आलं होतं. पण त्यासोबत बरंच काही थांबलं होतं: बसायची ठरलेली वेळ, कामाला लावलेली तारीख, चूक दाखवणारं माणूस, महिनाअखेरीस खात्यात पडणारा एकच खात्रीचा आकडा. ही सगळी सोय आता आपली आपण करायची असते. ती राहून गेली की काय काय बिघडतं, ते खाली लिहिलं आहे. यातल्या निम्म्याहून जास्त चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

रविवारचा उत्साह गुणिले सात

नोकरी करताना रविवारी तीन तासांत एक चांगलं चित्र होत होतं. म्हणजे रोज आठ तास मिळाले तर आठवड्याला अठरा-एकोणीस चित्रं होतील, असा हिशेब मी खरोखर मांडला होता. तो चुकतो, कारण रविवारच्या त्या तीन तासांमागे आठवडाभर डोक्यात घोळलेलं चित्र असतं. सलग चार-पाच तास नीट रंगवलं की डोळे थकतात, रंग गढूळ व्हायला लागतात आणि हात झालेलं काम बिघडवतो. उरलेला दिवस कॅनव्हास ताणणं, प्रायमिंग (रंगाआधीचा अस्तराचा थर देणं), फोटो काढणं, पत्रव्यवहार, पॅकिंग यांत जातो.

उपाय राजीनाम्याच्या आधीचा आहे. चार आठवड्यांची रजा घ्या, बिनपगारी मिळाली तर उत्तमच, आणि ऑफिसच्या वेळेतच काम करा. महिन्याच्या शेवटी पूर्ण झालेली, सही केलेली, दाखवायला लाज वाटणार नाही अशी चित्रं मोजा. तो तुमचा खरा वेग. पुढचे सगळे हिशेब त्याच आकड्यावर करायचे.

पैशाचं कोडं

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच पडतात.

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ आधी शेअरदलालीत होता आणि त्याचं बरं चाललं होतं. १८८२ मध्ये पॅरिसचा शेअरबाजार कोसळला आणि १८८३ मध्ये त्याने पूर्णवेळ चित्रकलेत उडी घेतली. घरात बायको आणि लहान मुलं. चित्रं फारशी विकली गेली नाहीत. आधी स्वस्ताई म्हणून रूआँला, मग १८८४ च्या अखेरीस बायकोच्या माहेरी कोपनहेगनला. तिथे हा माणूस ताडपत्री विकत होता, आणि घर चालत होतं ते बायकोच्या फ्रेंचच्या शिकवण्यांवर. गोगँचं नाव घेऊन राजीनामा देणारे पुष्कळ भेटतात, पण ताडपत्रीचा भाग त्यांना सहसा माहीत नसतो. आंरी रूसो या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराची गोष्ट उलटी. जकातीच्या नोकरीत असतानाच, १८८६ पासून तो प्रदर्शनांत चित्रं लावत होता. नोकरी सोडली १८९३ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, हातात छोटं पेन्शन घेऊन. तेही पुरायचं नाही, म्हणून व्हायोलिन शिकवायचा.

आता आपला हिशेब. चित्राची किंमत शंभर धरा. गॅलरीचं कमिशन बहुधा चाळीस ते पन्नासच्या घरात असतं. पन्नास गेले. फ्रेम, कॅनव्हास, रंग, ने-आण यांचे पंधरा धरा. हातात उरले पस्तीस, त्यातून कर वेगळा. आता तुमच्या महिन्याच्या घरखर्चाला या उरलेल्या आकड्याने भागा. येईल तितकी चित्रं दरमहा नुसती काढायची नाहीत, विकायची आहेत. रजेच्या महिन्यात मोजलेला वेग इथे शेजारी ठेवून पाहा. माझा आकडा पाहून मी राजीनामा चौदा महिने पुढे ढकलला होता.

किंमत ठरवताना दोन चुका होतात. पहिली, मनाला येईल तशी लावणं: आवडतं चित्र महाग, कंटाळवाणं स्वस्त. घेणाऱ्याला यातला तर्क दिसत नाही. आकारावरून दर लावा. पण क्षेत्रफळावर लावला तर दहा बाय दहा इंचांच्या चित्रापेक्षा चाळीस बाय चाळीसचं थेट सोळा पट महाग होतं. त्यापेक्षा लांबी आणि रुंदीची बेरीज करून तिला दराने गुणा. वीस आणि ऐंशी, म्हणजे चार पट. छोटी चित्रं कवडीमोल होत नाहीत, मोठी अडून राहत नाहीत. दुसरी चूक, गॅलरीत एक भाव आणि घरी येणाऱ्या ओळखीच्या माणसाला निम्मा. हे गॅलरीला कळतंच, आणि मग त्यांचा फोन येणं बंद होतं.

विक्रीचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या आणि त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम स्वतःला ‘पगार’ म्हणून द्या. एखाद्या महिन्यात पाच चित्रं गेली की हात सैल सुटतो आणि पुढचे चार महिने कोरडे जातात. सुरुवातीला वर्षभराचा घरखर्च बाजूला असावा, असं माझं मत. सहा महिने पुरतात म्हणणारेही आहेत. मला ते धाडस वाटतं.

नोकरीसोबत आरोग्य विमाही जातो, तेव्हा स्वतःचा विमा राजीनाम्याच्या आधी काढा.

रात्रीचे रंग सकाळी वेगळे का दिसतात?

नोकरी करणारे बहुतेक जण रात्री रंगवतात, तेही घरातल्या साध्या पिवळसर दिव्याखाली. तो सुमारे २७०० केल्विनचा असतो (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप: आकडा कमी तितका उजेड पिवळा). त्या उजेडात सगळं उबदार भासतं, म्हणून हात नकळत निळ्याकडे झुकतो. दिवसा बघावं तर चित्र गारठलेलं, आणि पांढऱ्यावर लावलेला फिका पिवळा तर रात्री दिसलाच नव्हता. पूर्णवेळ झाल्यावर अनेकांना वाटतं की आपला रंगांचा हात बिघडला. हात तोच आहे, बदलला आहे तो उजेड. ५००० केल्विनच्या आसपासचे, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर असलेले दिवे लावा, आणि कॅनव्हास व पॅलेट दोन्हींवर तोच उजेड पडू द्या.

छंद म्हणून जे खपून जातं ते विकताना खपत नाही, हे सामानालाही लागू आहे. व्हॅन गॉगच्या ‘बेडरूम’मधल्या भिंती आज निळ्या दिसतात, पण १८८८ मध्ये त्याने त्या जांभळट रंगवल्या होत्या. मिश्रणातला लाल रंग टिकाऊ नव्हता, तो उडाला. ट्यूबवरचा लाइटफास्टनेस, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो त्याचा आकडा, बघा, १ किंवा २ असेल तरच घ्या. जुन्या पद्धतीचा ॲलिझरिन क्रिमझन हा गडद लाल (ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक पीआर ८३) फिकट थरांत उडतो. त्याच छटेचे टिकाऊ पर्याय मिळतात.

तैलरंगात घाई नडते. हाताला सुकलेला थर आतून महिनोन्‌महिने कच्चा असतो, म्हणून नेहमीचं वॉर्निश सहा महिने ते वर्षभर थांबून लावतात. ऑर्डरची तारीख गाठायला ओल्यावर वॉर्निश मारलं की पृष्ठभाग चिकट राहतो, नाहीतर पुढे तडे जातात. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा क्रम मोडू नका. तैलरंगावर ॲक्रिलिक लावू नका, सोलून निघेल.

आणि एक, घराला आग लागण्याइतकी गंभीर गोष्ट: जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

“तसंही घरीच असतेस ना?”

हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. कुरिअर घ्यायला, नळ दुरुस्त करणाऱ्याला दार उघडायला, भाच्याला सोडायला, सगळ्याला तुम्ही मोकळ्या. रागावून उपयोग नाही, घरच्यांना कामाच्या वेळा माहीतच नसतात. मी दाराला कागद लावला: नऊ ते एक बंद. आठवडाभर सगळे हसले, मग सवय झाली. राजीनाम्याबद्दल घरी बोलताना “मला चित्रकार व्हायचंय” एवढंच सांगू नका. किती पैसे बाजूला आहेत, किती महिने पुरतील आणि कुठल्या आकड्याला पोचल्यावर पुन्हा नोकरी शोधणार, हे कागदावर दाखवा. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त धीर देतं.

ऑर्डरची भीड

ओळखीतून आलेल्या ऑर्डरला नाही म्हणवत नाही. मी एकदा तोंडी बोलण्यावर एक मोठं पोर्ट्रेट घेतलं. सहा वेळा बदल झाले, शेवटचा म्हणजे मागची भिंत सोफ्याच्या रंगाची हवी. पैसे निम्मेच आले. आता काम सुरू करण्याआधी एक पान लिहून घेते: आकार, माध्यम, तारीख, दोन बदल फुकट, पुढच्या प्रत्येक बदलाचे पैसे, निम्मी रक्कम आगाऊ. बहुतेक देशांत चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट लेखी दिल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतो, पण भारतात पैसे घेऊन ऑर्डरवर काढलेल्या चित्राचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर ऑर्डर देणाऱ्याचा होतो; म्हणून तो आपल्याकडेच राहील, हेही त्यात लिहा. नाहीतर तुमचं चित्र कॅलेंडरवर दिसतं आणि तुम्ही नुसते बघत बसता.

एक विकलं म्हणून त्याच्यासारखी सहा

याचा मोह मोठा असतो. पहिली दोन विकली जातात, चौथ्यापासून हात यंत्रासारखा फिरतो, आणि सहावं पाहून जुनं गिऱ्हाईकच विचारतं, नवीन काही नाही का? आठवड्यातला एक दिवस मी विकायचं नाही असं काहीतरी करते. त्यातलं बरंचसं फाटतं.

चूक दाखवायला आता शेजारच्या टेबलावर कोणी नसतं. अडलेलं चित्र आरशात पाहा, उलटं दिसलं की तिरकं झालेलं नाक किंवा कललेली क्षितिजरेषा लगेच डोळ्यात भरते. तरी कळेना तर आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा. आणि महिन्यातून एकदा दोन-तीन चित्रकारांना बोलवा, त्यातला एक तरी तोंडावर बोलणारा हवा.

पैसे संपत आले तर

कागदावर लिहिलेला आकडा आला की नोकरी शोधा, तो अजून खाली जायची वाट बघू नका. पाठ भिंतीला लागली की माणूस मिळेल ते पूर्णवेळ काम घेतो. हातात तीन-चार महिने असतील तर आठवड्यातून दोन-तीन दिवसांचं काम निवडता येतं. तिसऱ्या वर्षी मी तेच केलं, अकरा महिने. त्या काळात ईझल घडी घालून माळ्यावर टाकलं नाही, खोलीच्या मधोमध उभं ठेवलं. कामावरून आल्यावर पिशवी टेकवायला त्याच्याच शेजारी जावं लागायचं.