वाचकाला लेखाची स्कॅन प्रत देताना

जुन्या अंकातला अमुक लेख स्कॅन करून मोबाइलवर पाठवता का, अशी विचारणा बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचनालयांत होते, तेव्हा ग्रंथपालाने आधी कायदा पाहावा. कॉपीराइटचा १९५७चा कायदा केंद्राचा आहे. सीमाभागात इतर बाबतींत नियम कोणाचा हा घोळ असला, तरी येथे कोल्हापूर आणि बेळगाव यांत फरक नाही.

पहिले काम लेखकाचे मृत्युवर्ष शोधण्याचे. ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षे हक्क टिकतो. समजा, एखाद्या अभ्यासकाने बेळगावच्या दोन साहित्य संमेलनांची अध्यक्षीय भाषणे मागितली. १९२९चे अध्यक्ष शि. म. परांजपे त्याच वर्षी वारले, त्यामुळे त्यांचे भाषण हवे तितक्यांना द्यावे. १९४६चे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर १९७६ साली वारले. त्यांच्या भाषणावरील हक्क २०३६च्या अखेरपर्यंत चालेल. लेखक निनावी असून त्याची ओळख उघड झालेली नसेल, तर ६० वर्षे प्रकाशनापासून मोजावीत. लेखासोबतच्या छायाचित्रांचा हिशेब पूर्वी निराळा होता; २०१२च्या दुरुस्तीनंतर तोही छायाचित्रकाराच्या मृत्युवर्षावरून होतो.

हक्क चालू आहे म्हणून लगेच नकार देऊ नये. कलम ५२ खासगी उपयोग, संशोधन आणि समीक्षा यांसाठी रास्त वापराला मुभा देते. ग्रंथालयाने वाचकाला लेखाची प्रत द्यावी, असे स्वतंत्र पोटकलम त्यात नाही, म्हणून आपला आधार हीच मुभा. ‘दहा टक्के पाने चालतात’ ही ऐकीव गोष्ट आहे. कायद्याने पानांचा आकडा दिलेला नाही. एका वाचकाला एका अंकातला एकच लेख द्यावा आणि दिवाळी अंक अख्खा कधीही देऊ नये, हे मला सुरक्षित वाटते.

तीन प्रतींच्या तरतुदीचा अर्थही पुष्कळदा चुकीचा लावला जातो. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला करता येतात, पण त्या ग्रंथालयाच्या वापरासाठी. वाचकाच्या हाती देण्यासाठी नव्हेत. आपल्याकडील छापील प्रत जतनासाठी स्कॅन करून ठेवता येते, पण त्यावरून वाटपाचा परवाना मिळत नाही.

अर्ज लेखी घ्यावा: नाव, लेख, अंक, उद्देश, आणि प्रत पुढे कोणाला देणार नाही अशी सही. स्कॅनच्या पहिल्या पानावर लेखक, नियतकालिक, वर्ष आणि पृष्ठे लिहावीत. शुल्क कागद-शाईच्या खर्चापुरतेच घ्यावे. फाइल त्या एकाच वाचकाला पाठवून संगणकावरून पुसावी. वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ती टाकली की खासगी उपयोगाची सबब संपते. वर्गणी भरून मिळणाऱ्या ई-नियतकालिकांबाबत करारातील अटी आधी वाचाव्यात, कारण तेथे बाहेरच्या वाचकाला प्रत देण्यास मनाई असू शकते.

अंध वाचकाचा अर्ज वेगळ्या फाइलीत ठेवावा. त्याला वाचता येईल अशा रूपात संपूर्ण कृती देण्याचीही सवलत, नफा न घेण्याच्या अटीवर, २०१२च्या दुरुस्तीने दिलेली आहे.